फुलपात्रावर माझं नाव नाही

बाई, तुमचा कावळा काही केल्या शिवेना. याचा दोष मात्र मी माझ्याकडे घेणार नाही.

फलटणला दहाव्या दिवशी नदीवर तो आला नाही, तेव्हा मी इथून व्हिडिओ कॉलवर होतो. दुकानात तांदळाच्या पोत्याला फोन टेकवून बघत होतो. तुमचा सुहास हात जोडून उभा, मेधा डोळे पुसतेय, गुरुजी घड्याळाकडे बघतायत. सुहासने कबूल करण्यासारखं सगळं कबूल केलं. घर विकणार नाही म्हणाला, तुमची पुस्तकं वाचनालयाला देतो म्हणाला, पहाटे उठत जाईन असंसुद्धा म्हणाला. एकही कावळा नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि म्हणाले, झालं.

मी इथून ओरडलो, "झालं कसं? हा डुप्लिकेट माल आहे!"

सुहासने कॉल बंद केला. दुकानात आलेल्या एका बाईंनी हातातला मसाल्याचा पुडा हळूच जागेवर परत ठेवला.

तेव्हाच मी ठरवलं, मेधा परत आली की हे काम इथे करायचं. अस्सल कावळ्याकडून. टोकियोत बाकी कशाचा तुटवडा असेल, कावळ्यांचा नाही. आमच्या हिगाशी-कसाईतले तर कोंबडीएवढे. कचऱ्याच्या दिवशी पिशव्यांवर जी निळी जाळी टाकतात ती त्यांच्याच भीतीने. तुम्हीच आमच्या गॅलरीतून बघत म्हणायचात, "एवढे गलेलठ्ठ पितर कुणाचे रे, पुरुषोत्तम?"

मी तुम्हाला बाई म्हणतो याचं लोकांना नवल वाटतं. सासूला आई म्हणतात. पण शाळेत तुम्ही मला इतिहास शिकवलात, म्हणजे तसा प्रयत्न केलात. निम्मे तास मी वर्गाबाहेर उभा असायचो आणि तिथेच उभा राहून मी चिंचा-बोरांचा धंदा जमवला, त्याचं श्रेय तुमचं. लग्न ठरल्यावर एकदा मी 'आई' म्हणून पाहिलं होतं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "सवय नसलेलं काही बोलू नये." तुम्हीही मला कधी जावईबापू वगैरे म्हणाला नाहीत. हजेरी घेतल्यासारखं पूर्ण नाव घ्यायचात. त्या नावाला आता तसा आवाज देणारं कुणी राहिलं नाही. मेधा 'पुरू' म्हणते आणि जपानी गिऱ्हाइकांना ते अख्खं झेपतच नाही. ते 'पुरुसान' म्हणतात.

तुमच्या घरात सगळे या लग्नाला नको म्हणत होते. पंक्चर काढणारा पोरगा, त्यात तोंडाचा फाटका. तुम्ही एकट्या म्हणालात, "भांडेल, पण फसवणार नाही." हे मला मेधाने सांगितलं. तुम्ही कधीच नाही. तुमचं हेच मला आवडायचं नाही. ज्याला सांगायचं त्याला सोडून भलत्यालाच सांगायचात.

आणि त्याच लग्नात तुम्ही माझा काटा काढलात. रुखवतात स्टीलची भांडी मांडलेली होती. मोठ्या डब्यापासून फुलपात्रापर्यंत प्रत्येकावर नाव कोरलेलं. मेधा. नुसतं मेधा. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी भांडी उलटीपालटी करून पाहिली. जावयाचं नाव बुडालासुद्धा नाही.

मी मुंडावळ्या न सोडताच तुमच्याकडे आलो होतो, आठवतं?

"नाव घालणारा अक्षरावर पैसे घेत होता," तुम्ही म्हणालात. "मेधा दोन अक्षरं. तुझं नाव मोज."

"मग घासाघीस करायची!"

"ती मला येत नाही."

म्हणजे तुम्हाला घासाघीस येत नाही म्हणून माझं नाव गेलं. मला बरोबर नेलं असतंत तर त्याच भावात मी आडनावासकट घालून घेतलं असतं आणि वर एक झारा फुकट मागितला असता. पण तुम्हाला मला कुठे बरोबर न्यायचंच नव्हतं. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

जपानला तुम्ही पहिल्यांदा आलात ते आमच्या ईराच्या सुट्टीत तिला सांभाळायला, असं सर्वानुमते ठरलं होतं. मेधा ऑफिसात, मी दुकानात, आजी घरी. आल्याच्या चौथ्या सकाळी बघतो तर तुम्ही दारात. सुती साडी, पायात मेधाचे पळायचे बूट आणि पाठीवर माझी लाल सॅक. उएनोच्या बाजारात त्या विक्रेत्याशी मी इतका वेळ भांडलो होतो की शेवटी तो मला वाकून नमस्कार करून आत निघून गेला होता, ती सॅक.

"हिरोशिमाला जाते."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

"रविवारपर्यंत थांबा. मी येतो."

"नको. तू बरोबर असलास की मेलेल्यांकडे कुणी बघत नाही. सगळे तुझ्याकडे बघत बसतात."

मी म्हटलं, बाई, लोक इथे येऊन फुजी बघतात, बागा बघतात, गरम पाण्याच्या कुंडात बसतात. तुम्ही म्हणालात, "फुजी कुठे पळून जातोय?" आणि बसला धावलात. ईरा माझ्याकडे बघून जपानीत म्हणाली, "आजी भारी आहे." मुलीला दिवसभर दुकानात बसवून मी राजमा भरला.

तिथे तुम्ही विशीतली पोरंपोरी झोपतात तसल्या एकावर एक पलंगांच्या खोलीत राहिलात. बुकिंग मी केलं होतं आणि गुडघ्यांचं कारण सांगून मोठ्या मुश्किलीने खालचा पलंग मिळवला होता. तुम्ही तो कुठल्याशा रडणाऱ्या मुलीला देऊन वर चढलात. मग स्मारकाच्या बागेत गेलात. बॉम्बने भाजलेली माणसं पाणी पाणी करत गेली, म्हणून लोक तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवतात. तुम्ही सॅकमधून रुखवतातलं फुलपात्र काढलंत, पाणी भरलंत, ठेवलंत आणि पुढच्या गावाला निघून गेलात.

बाई, हा देश रस्त्यात पडलेला एक हातमोजासुद्धा कुंपणाला अडकवून ठेवतो, मालक परत येईल म्हणून. चकचकीत स्टीलचं भांडं हा देश सोडणार होता का? दोन दिवसांनी पोलिसांच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीतून मला फोन. कुणीतरी तुमचा पत्ता लावत लावत त्या खोल्यांच्या मालकिणीपर्यंत पोचलं होतं आणि तिच्याकडे नंबर माझा.

"आपल्याकडचा एक धातूचा पेला सापडला आहे," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "त्यावर काही लिहिलं आहे. काय, ते सांगता का?"

"मेधा."

"बरोबर. इथल्या एका भारतीय विद्यार्थ्याकडून आम्ही वाचून घेतलं आहे. आपण मेधासान का?"

"नाही. मी त्यांचा नवरा."

"आपलं नाव पेल्यावर आहे का?"

बाई, त्या क्षणी मी दुकानात जिऱ्याच्या गोणीवर बसलो. "नाही," मी म्हटलं.

"मग फार फार दिलगीर आहे. ज्यांचं नाव आहे त्यांनाच देता येईल."

मी त्या माणसाशी भांडलो. मी घाऊक बाजारातल्या दलालांना घाम फोडतो, बाई, पण तो माणूस दर वाक्याला माफी मागत होता आणि तसूभर हलत नव्हता. मी म्हटलं, लग्नाचा दाखला पाठवतो. तो म्हणाला, अभिनंदन. शेवटी मेधाने मीटिंगमधून बाहेर येऊन त्याला सांगितलं, तेव्हा कुठे पार्सल निघालं. मेधाच्या नावाने. तुम्ही घरी आल्यावर मी ते तुमच्यासमोर आपटलं. "एवढ्यासाठी म्हणत होतो, नाव घाला!"

तुम्ही खाली बसून, पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मी रागाने गच्चीवर गेलो. आज तो आवाज आठवला की वाटतं, आणखी दोन फुलपात्रं हरवायला हवी होती.

पुढे तुम्ही दर उन्हाळ्यात यायला लागलात आणि दर उन्हाळ्यात ती सॅक माझ्या नजरेसमोरून जायची. क्योतोहून तुम्ही फोन केलात तो नेमका डाळीचा माल उतरताना. "पुरुषोत्तम, इथे एक टेकाड आहे. त्याला कानांचं टेकाड म्हणतात. पण आत नाकं आहेत. कोरियात लढाईला गेले तेव्हा तिथल्या लोकांची कापून आणलेली. नाक शब्द फार भयंकर वाटला म्हणून नंतर कान म्हणायला लागले."

"बाई, ट्रक उभा आहे."

"समोर मुलं घसरगुंडी खेळतायत."

"बाई, ड्रायव्हर बघतोय माझ्याकडे."

"मग त्यालाही सांग," तुम्ही म्हणालात.

ओकिनावाहून आल्यावर दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता मेधाला म्हणालात, तिथे काळ्या दगडांच्या रांगाच्या रांगा आहेत, लढाईत मेलेल्या प्रत्येकाचं नाव, शत्रूच्या सैनिकांचंसुद्धा. "आपण भांड्यांवर घालतो तशी, एकेक." मी आतल्या खोलीतून ओरडलो, "अक्षरावर पैसे घेतले असतील का हो?" मेधाने दार लावून घेतलं.

आपला एक वाद तसाच राहिला. मी म्हणायचो, हिरोशिमा हे युद्ध, कानांचं टेकाड ही लूट, नरसंहार म्हणजे वेगळं. सगळं एका सॅकमध्ये कसं कोंबता? तुम्ही म्हणायचात, "तू किराणावाला. तुला माल कुठल्या खणात ठेवायचा एवढंच सुचतं." मी म्हणायचो, खण नसले तर गिऱ्हाइकाला साखर म्हणून मीठ जाईल. मला अजूनही वाटतं मुद्दा माझा बरोबर होता. तुम्ही त्यावर काहीतरी बोलणार होतात आणि कुकरची शिट्टी झाली.

आणि मग ती शेवटच्या वर्षीची संध्याकाळ. परत जायच्या आदल्या दिवशी आपण जेवायला बसलो होतो. तुम्ही सांगायला लागलात, शंभरेक वर्षांपूर्वी टोकियोत मोठा भूकंप झाला, शहर जळलं, आणि अफवा उठली की कोरियन लोकांनी विहिरींत विष टाकलं. मग साधीसुधी माणसं, दुकानदार, शेजारी, बांबू आणि कोयते घेऊन रस्त्यांवर उभी राहिली. ओळखायचं कसं? तर येणाऱ्याला एक रक्कम म्हणायला लावायची. पंधरा येन आणि वर सुटे. अस्सल जपानी माणसासारखी म्हणता आली नाही की संपलं. आपल्याच नदीच्या काठावरसुद्धा झालं हे, तुम्ही म्हणालात. इथून वर गेलं की एक छोटा दगड आहे.

मी म्हटलं, त्यात काय, मी तर दिवसभर येनच बोलतो. आणि म्हणून दाखवलं.

ईरा खो खो हसली. "पापा, असं नाही!" आणि तिने ते म्हणून दाखवलं. कानाला मध लागावा असं.

तुम्ही हातातली वाटी खाली ठेवलीत. मेधा भाताकडे बघत राहिली. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, मनातल्या मनात.

जाताना विमानतळावर मी विचारलं, "बाई, सगळा जपान पालथा घातलात, मग तो सायकलवर जाण्यासारखा दगड का बघितला नाही?" तुम्ही म्हणालात, "राहू दे." मला वाटलं पुढच्या वर्षी. सॅक तुम्ही कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली होतीत, धुऊन, आत फुलपात्र. आणि या आषाढात दुपारच्या झोपेतून तुम्ही उठलाच नाहीत.

तर आज रविवारी सकाळी आम्ही नदीच्या बांधावर गेलो. पक्ष्यांना खायला घालू नये अशी पाटी होती; ती जपानीतल्या चिनी अक्षरांत होती म्हणून मी वाचली नाही. पानावर भात, वरण, खीर, उडदाचे वडे. बाजूला फुलपात्रात पाणी. कठड्यावर एक धिप्पाड कावळा येऊन बसला. त्याने पानाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

ईरा जपानीत म्हणाली, "पापा, इथल्या कावळ्यांना मेयोनेज आवडतं. शाळेत शिकवलं."

"ईरा, हे आजीचं पान आहे."

"आजीला चाललं असतं."

बराच वेळ गेला. मी मुकाट्याने कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात जाऊन मेयोनेज आणलं आणि वड्यावर पिळलं. फलटणच्या गुरुजींना कृपा करून कळवू नये. कावळा एक पाऊल पुढे आला आणि थांबला. मी ओळखलं. हा मुरलेला आहे. हा आता बोली लावून घेणार.

"बाई, मी रागावणं कमी करतो," मी म्हटलं. कावळ्याने पंख खाजवला.

"निम्मं कमी करतो." काही नाही.

"रविवारी दुकान बंद ठेवतो. सुहासशी बोलतो. स्वतःहून फोन करतो!" इथे तो चक्क उडाला आणि आणखी लांबच्या खांबावर बसला. बोली चढवल्यावर माल लांब जातो असा बाजार मी जन्मात पाहिला नव्हता.

"तुम्हाला हवंय तरी काय?" मी ओरडलो. पळायला आलेले एक आजोबा थांबले, माझ्यापुढे वाकले आणि रस्ता बदलून गेले. "इतकी वर्षं! सॅक माझी, बुकिंग माझं, पोलिसांचे फोन मला! एकदा तरी म्हणालात, पुरुषोत्तम, चल?"

मेधा बांधावर बसली होती. ती हळूच म्हणाली, "आईचं एक ठिकाण राहिलं होतं."

"माहितीये. तो दगड. इतका जवळ असून का गेल्या नाहीत?"

"तो तिने तुझ्यासाठी ठेवला होता."

"काय?"

"म्हणाली, लांबची मी बघते. जवळचं पुरुषोत्तमचं. इथे राहतो तो, त्याने त्याचं त्याचं जावं."

"आणि हे तुला सांगितलं? मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू आम्हाला सगळ्यांना गाडीत घालून, वाटेत जेवणाचं ठरवून नेलं असतंस."

बाई, मी इतका चिडलो की पान डब्यात भरलं, डबा आणि फुलपात्र सॅकमध्ये कोंबलं, सॅक सायकलच्या मागे बांधली आणि निघालो. एकटा. नदीच्या काठाने वर वर, उन्हात, रस्ताभर तुमच्याशी भांडत. पूल ओलांडला तरी माझे मुद्दे संपले नव्हते.

ते ठिकाण सापडेना. मी स्मारक शोधत होतो, आणि ते बांधाच्या खाली, घरांच्या मधल्या एवढ्याशा जागेत आहे. समोर कुणाचे तरी कपडे वाळत होते. एक दगड, त्यावर एकच मोठं अक्षर. आणि भोवती तेरडा. आपला तेरडा, बाई, गौरीचा. लाल, गुलाबी, पांढरा. मी सायकल लावली. मग तिथे बूट काढले, कुणी काढत नाही तिथे, पण तेरडा बघून हातच गेला.

मी दगडाच्या चारी बाजूंनी फिरून पाहिलं. मागे मजकूर आहे, तो फोनवर भाषांतर करून वाचला. मारल्या गेलेल्यांची नावं नाहीत. ती कुणी विचारूनच घेतली नव्हती. त्यांना एक रक्कम तेवढी विचारली होती.

मी फुलपात्र भरलं आणि दगडापुढे ओतलं. बोटाला ती दोन अक्षरं लागली, मेधा. दगडावर त्यांची नावं नाहीत, फुलपात्रावर माझं नाही. जमलं आमचं. मी ती रक्कम मोठ्याने म्हणालो, माझ्या फलटणच्या तोंडाने, जशी येते तशी. कपडे काढायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वळून पाहिलं. मला वाटलं हसतील. त्या नुसत्या वाकल्या आणि आत गेल्या.

तेव्हा मागे खुडबुड झाली. वळलो तर सॅकचं तोंड उघडं, डब्याचं झाकण रस्त्यावर, आणि तो धिप्पाड कावळा वडा घेऊन वर. तोच असेल असं नाही. मेयोनेजवाला वडा होता एवढं नक्की. मी काही कबूल केलेलं नव्हतं. त्याने काही मागितलं नव्हतं. माझ्या पाठीमागे उचलून नेला.

मेधाला फोन केला. "शिवला."

"काय कबूल केलंस?"

"काही नाही."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "आईला घासाघीस येत नव्हतीच."

तक्रार माझी कायम आहे, बाई. सांगायचं ते मला सांगायला हवं होतंत. फुलपात्र मात्र मी तिथे ठेवलं नाही, तुमच्यासारखं. सॅकमध्ये घालून परत आणलं. ठेवलं असतं तर परवा फोन आला असता आणि ते सोडवायला मेधाला जावं लागलं असतं. आणि ते ठिकाण तुम्ही मला दिलंय.